मुद्रितशोधकाची आमटी

बोहरी आळीतल्या दुकानात बरणीवर चिठ्ठी होती: ‘प्रुन’.
हे तिथेच थबकले.
खिशातून लाल पेन काढून गल्ल्यावरच्या झैनबबेनना म्हणाले,
‘उकार दीर्घ करतो. चालेल?’
त्या पावकिलो तोलत होत्या, मान डोलावली,
आणि गळ्यात अडकवलेला माझा प्लास्टरमधला उजवा हात
लाजेनं आणखी जड झाला.

सोन्या मारुती चौकात रिक्षातून उतरताना
पडले, एवढंच. पाय घसरला असंही नाही.
मनगट मोडलं आणि तपासणीत निघालं
की हाडं आतून विरळ झालीत.
तांबवेकर डॉक्टरबाईंनी चित्र दाखवलं.
मला ती जुनी चाळणी वाटली.
हे चष्मा वर सरकवून म्हणाले, ‘अक्षरं गळलीत.’
बाईंनी गोळ्या लिहिल्या, सकाळचं ऊन सांगितलं,
आणि आम्ही उठता उठता: ‘रोज चार-पाच प्रून खा.
औषध नव्हे हं ते. पण हाडांना बरं.’
मग यांच्याकडे बघून, अगदी सहज: ‘पोटालाही.’

पोट हा आमच्या घरातला न छापलेला मजकूर.
सदतीस वर्षं हे पेपर घेऊन आत जातात,
अग्रलेखापासून निविदांपर्यंत सगळं वाचून बाहेर येतात,
तोवर मी चहा दुसऱ्यांदा गरम करते.
इसबगोलाचा डबा शब्दकोशामागे.
तिथली धूळ मी कधी पुसली नाही.

हात बांधलेला, म्हणून ओट्याशी हे उभे राहिले.
मी स्टुलावर बसून सांगायची.
झैनबबेन ते मटणात घालतात, कांदा लाल करून.
आमच्याकडे मटण नाही, तूरडाळ आहे.
‘मग डाळीत टाका,’ त्या म्हणाल्या होत्या, ‘कोण पकडतंय?’
चार प्रून कोमट पाण्यात. दोन तासांनी
टच्च फुगले, बोटांना चिकटले,
आणि यांनी बी अशी काढली
जसा जुळलेल्या ओळीतून चुकीचा खिळा उचलावा,
चिमटीत, श्वास धरून.

पहिल्या दिवशी फोडणी जळली. दुसऱ्या दिवशी मीठ राहिलं.
तिसऱ्या दिवशी गोडा मसाला, आमसूल एकच, गूळ अजिबात नाही
(यांना शुगर आहे),
त्याऐवजी ते काळे, सुरकुतलेले गर
आणि भिजवलेलं पाणीसुद्धा. ते ओतून द्यायचं नाही.
आमटी काळपट झाली, कडेला किंचित जांभळी.
एकमेकांकडे न बघता आम्ही दोनदा भात घेतला.

‘एक प्रून. अनेक काय?’ रात्री अंधारात यांनी विचारलं.
‘प्रूनच.’
‘की प्रुनं?’
गाडं तिथे अडलं.
बाकी कुठे हल्ली अडत नाही.
पेपर अग्रलेखाआधीच बाहेर येतो,
चहा पहिल्याच वाफेचा.

प्लास्टर निघालं. हात अजून हातासारखा नाही,
पातळ, पांढरट, कुणाकडून तरी उसना आणलेला.
हाडांचं काय झालं ते वर्षानं कळेल,
तेव्हा पुन्हा चित्र काढू, बाई म्हणतात.
मी ओट्याशी गेले तर हे बाजूला होईनात.
‘मी जुळवतो,’ म्हणाले, ‘तू तपास.’
मी पळीतून चव घेतली,
आणि त्या उसन्या हातानं
आमटीवरच्या हवेत एक हंसपद काढलं.
त्यांनी बरोबर तिथेच मीठ घातलं.
जरा जास्तच.