तीन कोपरे

अठ्ठावीस वर्षं मेंढ्या कातरल्या.
यंत्राची थरथर आधी मनगटात यायची,
मग कोपरात मुक्कामाला राहिली.
आता थंडीत ही चार बोटं पांढरी पडतात,
माझी राहत नाहीत.
ओरियल शर्टाची बटणं लावून देते
आणि शेडकडे बघत म्हणते,
या हातांनी विमान बांधतोयस.

बांधतोय.
पंखांचे कणे स्प्रूसचे, वर प्लायवुड, वर कापड.
एक माणूस मावेल एवढं पोट,
उलटा टांगला तरी सुटणार नाही असे पट्टे.
नाक तेवढं उघडं आहे:
चार बोल्ट, आणि त्यांच्यापुढे
ॲशबर्टनची सपाट हवा.

त्या नाकात काय बसवायचं
यावर क्लबात दोन हिवाळे गेले.
सगळे म्हणाले, चार सिलिंडरचं घे,
विमानासाठीच जन्मलेलं.
खरं आहे त्यांचं.
पण पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो,
मिनिटाला पाच हजारदा मन बदलतो,
आणि त्याचं प्रत्येक मन बदलणं
स्टिकमधून माझ्या कोपरापर्यंत पोचतं.
गेल्या मार्चमध्ये क्लबाच्या विमानातून
दोन कोलांट्या मारल्या, तेव्हा
स्टिक हातात आहे की सुटली
हे मान वाकवून बघावं लागलं.
हे कुणाला बोललो नाही.

टेमुकाला पिरिपी नावाच्या पोराच्या अंगणात
ठोकरलेली माझदा उभी होती.
बॉनेट उघडून म्हणाला, अंकल, आत पिस्टनच नाही.
फुगीर कडांचे दोन त्रिकोण,
कमरेत चिमटलेल्या खोलीत
कोपरे भिंतीला घासत गरगरतात.
जातात ते जातातच, माघारी वळत नाहीत.
त्याने चालू केलं. शेजारचं कुत्रं घरात पळालं.
मी तळहात ठेवून वाट बघितली.
काही आलं नाही.
पाण्याच्या नळाला हात लावावा तसं:
आत काहीतरी चाललंय, एवढंच.

अवगुण पाठ आहेत मला.
तहान मोठी. धुराड्याचा नळ लालबुंद होतो.
विमान उलटं झालं की तेल कुठे जाईल
म्हणून तेलाची टाकी वेगळी हवी,
पंखा एवढ्या वेगाने फिरवता येत नाही
म्हणून मधे गिअरबॉक्स,
आणि तो करणारा इन्व्हरकार्गिलचा माणूस
तीन पत्रांना एक उत्तर देतो.
शिवाय रेडिएटर, नळ्या, पाणी.
लोकरीच्या काट्यावर सगळं मांडून बघितलं,
फायदा फारसा उरला नाही.

कोपऱ्यातली एक सील घरी आणली होती,
पेन्सिलीएवढी पट्टी.
ओरियलने ती विजेच्या बिलावर ठेवली, उडू नये म्हणून.
ही मोडली तर?
स्ट्रँग म्हाताऱ्याने डोंगरांवर खत टाकत
तीन विमानं संपवली होती, तो म्हणाला,
बंद सगळीच पडतात. कशी पडतात ते विचार.
पिस्टनवालं दार आपटून निघून जातं.
हे म्हणे दमतं.
एक कोपरा गेला तरी लंगडत लंगडत
धावपट्टीपर्यंत आणतं म्हणे.
ओरियल म्हणाली, दोनदा 'म्हणे' म्हणालात तुम्ही.

शनिवारी ती स्वतः टेमुकाला आली.
बोचरी हवा, गवतावर दहिवर.
पिरिपीने किल्ली फिरवली, मी हात ठेवला.
काय वाटतं? तिने ओरडून विचारलं.
काहीच नाही! मी हसून ओरडलो.

तिने माझा हात उचलला, बोटं उलटी करून बघितली.
मेणबत्तीसारखी पांढरी.
म्हणाली, हे इंजिनाचं काहीच नाही,
की तुझं?

मला उत्तर देता येईना.
वेग वाढत गेला, कुत्रं भुंकत राहिलं.
मग तिने हातमोजा काढला,
आपला तळहात तिथे टेकवला,
डोळे मिटले. चुलीवरच्या झाकणावर
उकळी आली का बघतात तशी
बराच वेळ उभी राहिली.

मग पिरिपीकडे वळून म्हणाली,
बंद कर आता.
आणि हे नुसतं, गाडीशिवाय,
कितीला देशील?