वरीइंग

फाटकावरच्या पत्र्यावर हा शब्द
कथबर्ट डॉडच्या बापाने रंगवला होता:
मेंढ्यांना ‘वरी’ करताना कुत्रं दिसलं
तर गोळी घालण्यात येईल.

नॉर्थंबरलंडच्या या उतारावर
त्याचा अर्थ कुणी डिक्शनरीत शोधत नाही.
कुत्र्याने चावायलाच हवं असं नाही.
ते नुसतं मागे लागतं,
कळपाला दगडी भिंतीपर्यंत रेटतं,
आणि दुसऱ्या दिवशी गाभण मेंढी
अंगावर ओरखडासुद्धा नसताना
गाभ टाकते.

फार पूर्वी याचा अर्थ होता
गळा आवळणे. एवढाच.
मग, दातांत धरून झटकणे.
माणसाच्या मनात तो बऱ्याच उशिरा शिरला.
शाळेत होती तेव्हा हिल्डा हे शिकवायची
आणि मागच्या बाकावरची पोरं
एकमेकांची मानगूट धरायची.

मंगळवारी हेक्सॅमच्या इस्पितळातून पत्र आलं.
उजव्या फुप्फुसात सावली,
सावलीच्या आधी तेच विशेषण.
हिल्डाने चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
‘कुणाला ते लिहिलंच नाही,’ म्हणाली.
‘धातू सकर्मक आहे.
मग याचं कर्म कुठंय?’
आणि चाळीस वर्षांच्या सवयीने
खाली लाल रेघ ओढली.

(मला विचारलं असतं तर मी
‘चिंताजनक’ लिहून मोकळा झालो असतो.
इस्त्रीतला शब्द. बातम्यांत चालतो.
त्याला दात नाहीत.
‘घोर’ला आहेत,
पण घोर कुणी लेटरहेडवर छापत नाही.)

कथबर्ट काही बोलला नाही.
बूट चढवले, वर गेला,
आजोबांच्या जुन्या आकड्यांत
कळप मोजून आला. तीनदा.
एकशे बारा. बरोबर.
भिंत धड होती, फाटकाला कडी होती.
तरी परतताना त्याने
कडीवर तारेचा एक वेढा घातला.

चहा गार झाला होता.
पत्र फडताळात, अंडी विकल्याच्या हिशेबाखाली.

रात्री म्हातारी नेल
हिल्डाच्या पायांवर झोपली होती.
स्वप्नात कशाच्या तरी मागे धावत होती,
पंजे हलत होते, घशात अर्धं भुंकणं.
कथबर्ट जागाच होता, भिंतीकडे तोंड करून.
हिल्डाने अंधारात हात पुढे केला,
कुत्रीच्या बरगड्यांवर ठेवला.

‘पुरे,’ म्हणाली. ‘सोड आता.’

कुत्रीने सोडलं.