अडतीस इंची

हॉफ्न गावातल्या शेडमध्ये केटिल
पान्यावर अख्खा भार देऊन उभा.
शेवटचा नट कुरकुरत सुटतो.
जुने टायर भिंतीला टेकून, दावं सोडलेल्या वासरांसारखे.

नवे कमरेएवढे. रबराचा वास
कॉफीतही उतरलाय.
गाडी चार इंच उचललेली होतीच,
तरी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की
चाक मडगार्डला घासतं,
खर्र.

"काप," बेर्गथोरा म्हणते.
बत्तीस वर्षं तिनंच पुसला हा पत्रा.
ग्राइंडरच्या ठिणग्या. एक कोर
तिच्या बुटापाशी पडते, कापलेल्या नखासारखी.

हिमनदीच्या कडेला हवा सोडतात,
अजून सोडतात,
टायर बसकण मारतो,
थापल्या भाकरीसारखा पसरतो
आणि गाडी बर्फात रुतत नाही.

मीटर आता खोटं बोलतो.
चाळीस दाखवतो तेव्हा पन्नासच्या घरात असतात दोघं.
"म्हणजे घरही दाखवतो त्याहून लांब राहिलं," ती म्हणते.
केटिल गिअर बदलतो.

परतल्यावर दार उघडते, तर जमीन
सकाळपेक्षा खाली गेलेली.
बसून राहते ती, पाय लोंबकळत,
तो अंधारात
दुधाचा क्रेट शोधेपर्यंत.