सहा पंचावन्न आणि अर्धं

पहिल्या खेपेला कॅल्क्युलेटरनं एरर दाखवली.
म्हणजे त्या दिवशी निपाणीत
सूर्य मावळणार नव्हता,
किंवा उगवलाच नव्हता.
मग दिसलं, वरच्या कोपऱ्यात रेडियन.
वर्गात याच चुकीला मी पोरांचे दोन मार्क कापते.

हे सगळं आईमुळं.
तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं वजनं लिहिली तिनं.
घरी यायला रोज उशीर,
म्हणून सूर्यास्ताआधीच्या दोन घटका
कधी पाळता आल्या नाहीत,
पण बिंब बुडाल्यावर घास नाही म्हणजे नाही.
भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायची: सात पाच.
पाण्याचा शेवटचा घोट सात चारला.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात
‘वेळा मुंबईच्या’
हे मी वाचलं ती सत्तरीत आल्यावर.
वैशाखात दहा मिनिटांचा फरक.
इतके उन्हाळे आई
दहा मिनिटं रात्रीत जेवत होती.
तिला सांगितलं नाही. नवा तक्ता करायला घेतला.

अक्षांश सोळा पूर्णांक चार.
रेखांश चौऱ्याहत्तर, वर अडतीस शतांश.
देशाचं घड्याळ साडेब्याऐंशीवर टांगलेलं,
आपण तिथून आठ अंश मागं,
अंशाला चार मिनिटं,
म्हणजे आपली दुपार बाराला नसतेच,
बत्तीस मिनिटं उशिरा येते, घाम पुसत.
त्यातून सूर्यही घड्याळाचा पक्का नाही,
मे महिन्यात चारेक मिनिटं आधीच डोक्यावर.
उगवतो चिकोडीकडनं, जातो मुरगुडाकडं,
सूत्रात त्याच्या वाटेवर
नाका कुठंच येत नाही.

मे पंधरा. उत्तर: सहा पंचावन्न, सेकंद तीस.

घड्याळाचा सेल बदलायला गेले,
तक्ता पर्समधून डोकावत होता.
दस्तगीर बागवाननं डोळ्यावरची भिंग वर केली.
रोजे त्या साली ऐन वैशाखात.
"मेव्हण्यानं हैदराबादचा कागद पाठवलाय, मॅडम,
त्यात सहा चाळीस.
खजूर हातात घेऊन बघतोय तर
सूर्य हा असा, समोर, डोळे वटारून."
मग पहाटेचंही काढून दिलं,
सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश,
चार चव्वेचाळीस.
सेलचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

राहिलं अर्धं मिनिट. ते कुणीकडं टाकायचं?
शाळेत सांगते, अर्धं आलं की वर न्या.
आईच्या कागदावर खाली नेलं: पंचावन्न.
दस्तगीरच्या कागदावर वर: छप्पन्न.
कानडीतून आकडे त्याच्या पोरीनं लिहिले,
उर्दूतून त्यानं,
माझे मराठी मधल्या रकान्यात.

संध्याकाळी गच्चीवर आई, पुढ्यात ताट.
मुरगुडाकडं लाल गोळा टेकलेला.
राहवलं नाही, म्हटलं,
आई, हा दिसतोय तो खरा खाली गेलाय,
हवा प्रकाशाला वाकवते,
आपल्याला बिंब वर उचलून दाखवते.
"मग आजवर कुणाला बघून जेवले मी?"
काय सांगणार.
"वाकवू दे," म्हणाली, "वय झालं की सगळंच वाकतंय."
भाकरीचा तुकडा आमटीत फिरवला.
"आणि ते कॅलेंडर मुंबईचं हुतं, ठाऊक हाय मला.
वखार साडेसहाला सुटायची.
चालत घर, चूल, तुम्ही तिघं.
ती दहा मिनिटं मला लागायची गं."

पंचावन्नला तिनं चूळ भरली.
ताट उपडं घातलं.
खाली गल्लीत दस्तगीरचं दुकान उघडंच,
स्टुलावर बशी, बशीत तीन खजूर,
भिंतीवर नाना कंपन्यांची घड्याळं,
एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही,
आणि तो त्यांतल्या एकाकडंच बघत बसलेला.

एक मिनिट
दोन्ही घरांत कुणीच काही खात नव्हतं.