पहिल्या पानाचा वास

बर्फ उतरलं की देवलेता दार वाजवते.
"हात धुतलेस? साबणाने नको. नुसत्या पाण्याने."
सहा दिवस मी झेनित्सात औषधाच्या दुकानात असते,
गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने अर्ध्या करून विकते;
सातव्या दिवशी हिची टोपली धरते.
गावात म्हणतात, म्हातारीला सोबत लागते.
सोबत नाही. तिला माझं नाक लागतं.

क्रिवायाच्या काठाने वर, बीचच्या झाडांखाली
रानलसूण हिरव्या जिभा काढून बसलेला असतो
आणि त्याच्यातच, त्याच उंचीची, तशीच चकाकणारी
जुर्जिका. तिची पांढरी घुंगरं फुटायला अजून महिना.
शिवाय तो म्राझोवाक, जांभळा फुलतो थेट पानगळीत,
आत्ता नुसतं पान दाखवतो,
साळसूद.
तिन्ही एका जुडीत आली
तर रात्रीच दवाखाना गाठायचा.
गाठता आला तर.

"पान चुरगळ. लसणाचा वास आला तर टोपलीत."
सोपं आहे. पहिल्या पानापुरतं.
पाचव्या पानानंतर बोटंच लसणाची होतात,
मग विषालाही तोच वास.
देवलेताची बोटं साठ वर्षं या कामात मुरलेली,
तिच्या हाताला सगळं जगच खाण्याजोगं.
म्हणून ती फक्त बघते, काठी टेकवते, "हे," म्हणते,
खुडते मी,
आणि दर चार पानांनी ओढ्यात हात बुडवते.
पाणी इतकं गार की नखं दुखतात.

तिच्या खिडकीत बरण्या. कांतारिओनची पिवळी फुलं
चाळीस दिवस तेलात, उन्हात ठेवली की तेल लाल होतं.
का होतं ते मला कॉलेजात शिकवलं, मी तिला सांगितलंही.
"बरं," म्हणाली. "पण बरणी रोज हलवायची असते.
ते शिकवलं?"
भाजलं की ते तेल. कापलं की वाटेवरच्या
बोक्वित्साचं पान चावून जखमेवर.
खोकल्याला लिंडनची फुलं.
पण कोणी छातीत कळ आली म्हणत आला
तर ती बरण्यांकडे बघतही नाही,
शेजारच्या पोराला गाडी काढायला लावते.
हातगुण म्हणतात तो बहुतेक यातच असावा.

ओढ्यापलीकडे लाल पाटी होती. कवटी, आणि एक शब्द.
तीस वर्षं तिकडे कोणी वाकलं नाही,
तिकडचा लसूण माजला नुसता,
अस्वलांनी खाल्ला.
यंदा माणसं आली, कुत्री घेऊन, चार महिने राहिली,
दोऱ्या गुंडाळल्या, पाटी उपटली, कागदावर सही दिली.
अख्खं गाव पोती घेऊन ओढ्यापलीकडे.
देवलेता दोन रविवार अलीकडेच थांबली.
तिकडे तिचा रेशाद गेला होता, सरपणाला,
एवढंच मला ठाऊक.
तिने कधी जास्त सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी दगडांवरून ती माझ्याआधी पार झाली.
गावाने बरंच ओरबाडलं होतं.
"कांदे कशाला उपटले मेल्यांनी," पुटपुटली,
मग एका पडलेल्या खोडावर बसली
आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच स्वतः खुडलं.
एकच पान. चुरगळलं, नाकाशी नेलं,
बराच वेळ तसंच धरून ठेवलं.
"मला काही कळत नाही यातलं," म्हणाली.
"तू सांग."

माझे हात ओले, स्वच्छ. मी वाकले.

लसूणच होता.
तरी सांगायला मला वेळ लागला.

टोपली अर्धीच भरली त्या दिवशी.
संध्याकाळी झेल्यानित्सा भाजली, पीठ जरा जाड राहिलं.
नेहमी पहिला घास ती घेते, एकटी,
आणि आम्ही घड्याळाकडे न बघता थांबतो.
त्या दिवशी आधी मी घेतला.
मीठ कमी होतं.