तीन पट्टे

खडकावर दर पन्नास पावलांना तीन पट्टे:
पिवळा, पांढरा, तांबडा.
कुणीतरी डबा-ब्रश घेऊन इथवर आलं होतं,
एवढ्या भरवशावर आम्ही चाललो होतो,
मी आणि एक्स-रेतली लिसम्मा,
शुक्रवारी, निझव्याहून पहाटेच निघून.

उजवीकडे कडा. डावीकडे काही नाही,
म्हणजे हजार मीटर हवा
आणि तळाशी दोऱ्याएवढी कोरडी वादी.

झाडी म्हणावी अशी नाही.
अरअरची खोडं, पिळून तशीच ठेवलेल्या लुगड्यांसारखी,
मधूनच एखादं रानजैतून,
सावली टोपलीभर.
लिसम्मा म्हणाली, जंगल.
मी वाद घातला नाही.

मग एका वळणावर खुणा संपल्या.
वाकून पाहिलं तर खाली घळीत
एक धोंडा उताणा,
तिन्ही पट्टे शाबूत,
आभाळाला वाट दाखवत.

शेळ्यांमागून हमूद आला, चपलेला दोरी बांधलेली.
तो होय? मागच्या पुरात गेला, म्हणाला.
वाट आहे तिथेच आहे.
तो लेंड्या बघत चालतो. पट्टे
त्याच्या मते पाहुण्यांसाठी.

पडक्या गावाच्या भिंतीशी बसलो.
खिशातून त्याने मूठभर फळं काढली,
खालच्या वाडीतली. सिद्र, म्हणाला.
चावलं, आणि
बोरं की ही!
हॉस्पिटलच्या गेटाशी हेच झाड,
सात वर्षं त्याच्याखाली बसची वाट पाहिली,
मान वर केली नाही.

परतताना त्या वळणावर
मी दगडावर दगड ठेवले, तीन.
लिसम्मा हसली:
शेळ्यांची सोय झाली.
बी अजून गालातच होती.