कुठेतरी पाणी मुरतंय

किसुमूपासून दोन तासांवर, सरोवराच्या काठाला,
पत्र्याच्या छपराखाली मी गणित शिकवते.
अकरावीच्या वर्गात बेचाळीस मुलं, एक फळा,
आणि वीज असली तर एक संगणक.

कौंटीनं गावात सात नळकोंडाळी बसवली,
दोन शिलिंगला वीस लिटर.
वर्षभरानं फलक लागला, निळ्या अक्षरांत :
हगवणीचे रुग्ण दोनशे बारा होते, सत्त्याण्णव झाले.
मी फलक वर्गात उतरवून घेतला
आणि खाली एवढंच लिहिलं :
खरं का?

ओलुओच म्हणाला, टीचर, आकडा छापलाय की.
छापलेलं खोटं कसं असेल?
मी म्हटलं, खोटं कोण म्हणतंय?
शितावरून भात कळतो, पण शीत
भांड्याच्या कुठल्या कडेनं काढलं तेही बघावं,
तळाशी करपलेलं असतं.

मग मुलं दवाखान्यात गेली,
धूळ झटकून दोन वर्षांची नोंदवही
हातानं उतरवून घेतली, सहा वह्या भरल्या.
नेकेसाचं अक्षर सुंदर, तिनं तारखा लिहिल्या.
अवुओर काही बोलत नव्हती.
तिसऱ्या दिवशी तिनं एका पानावर बोट ठेवलं,
मग पुढच्या पानावर, मग पुढच्या.
जूनपासून सोमवार नाही.
मंगळवार नाही. गुरुवार नाही.

"टीचर," ती म्हणाली,
"हगवण आठवड्यातून दोनच दिवस लागते का?"

नर्सबाईंची बदली झाली होती जूनमध्ये.
नवीन बाई दोन गावं सांभाळतात,
बुधवारी आणि शुक्रवारी इथे.
बाकीचे दिवस दाराला कुलूप.

वेरे उठून उभाच राहिला :
म्हणजे सगळा बनाव! नळ नुसते शोभेला!
बस खाली, म्हटलं.
तुला राग आलाय, आणि रागालाही
तुलना लागते.
कशाशी तुलना? तोच प्रश्न.
पलीकडच्या न्यांडेरात नळ नाहीत,
पण नर्स तीच, वार वेगळे असले तरी कुलूप तितकंच.

शनिवारी आठ जण चालत गेली.
तिथे एकशे ऐंशी होते, एकशे एकतीस झाले.
नळ नसताना.

फळ्यावर रेघा मारल्या. भागाकार केला, चुकला, पुसला,
पुन्हा केला. आपल्याकडेही
नुसतं कुलूप असतं तर दोनशे बाराचे
एकशे चोपन्न झाले असते.
त्याच्याखाली जे उतरलं ते नळाचं.
निम्मं पाणी, निम्मं कुलूप.

वेरे हिरमुसला. त्याला चोर हवा होता.
ओलुओच हिरमुसला, त्याला फलक हवा होता.
मी म्हटलं, आणि दोन गावं म्हणजे दोनच गावं,
हेही लिहा, सर्वांत वर, ठळक.
खरं उत्तर असंच असतं बाळांनो,
कुणाच्याच मिरवणुकीत न मावणारं.

वॉर्डाचे सभासद आले, कौतुक केलं,
मुलांसोबत फोटो काढला.
नर्सचा विषय निघाला तेव्हा घड्याळ पाहिलं.

सगळे गेल्यावर अवुओर मागे राहिली.
तिचा धाकटा भाऊ ऑगस्टमध्ये गेला.
मंगळवार होता.
"तो दोनशे बारातही नाही," ती म्हणाली,
"सत्त्याण्णवमध्येही नाही."
मी खडू खाली ठेवला.
त्या वाक्याला माझ्याकडे सूत्र नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मुलांनी
दवाखान्याच्या बंद दारावर एक कोरा तक्ता चिकटवला :
नाव, वय, काय होतंय, आजचा वार.
सुतळीनं पेन्सिल बांधली.
पहिली ओळ अवुओरनं भरली,
मागच्या ऑगस्टची तारीख घालून.

आता मी सकाळी शाळेत जाताना
वाट थोडी वाकडी करते.
पेन्सिल दोनदा बदलली आहे.
आज मंगळवार.
अजून आठही वाजले नाहीत,
आणि पाच नावं.